आबांचं शिकागोचं टायमिंग

एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीत मी अकरा वर्षं बसलो आणि त्या अकरा वर्षांत रोज खोटं बोललो. गाडी कुठं आहे ते ठाऊक नसलं की "येईल की आत्ता, पाच मिनिटांत," असं ठोकून द्यायचं, एवढंच मला येत होतं. तेवढ्यावर समोरचा माणूस हलतो, खिडकी मोकळी होते आणि आपला चहा गार होत नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर ज्ञानू धोंडी कांबळे बसायचे, वाहतूक नियंत्रक. सगळं कोल्हापूर स्टँड त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायचो. अंगानं काटकुळे, शर्टाचं गळ्याजवळचं बटण बारा महिने लावलेलं, मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी जुळवलेलं. त्यांच्याकडं कुणी गारगोटीची गाडी विचारली की हा माणूस शांतपणे सांगायचा, "पन्नास मिनिटं लागत्यात. गाडीचा पाटा तुटलाय, दुसरी डेपोतनं निघायचीय. पावणं, जेवून या." पावणं खवळायचं, आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं आणि मग गुमान जाऊन जेवून यायचं. माझं गिऱ्हाईक मात्र पिशव्या हातात धरून पन्नास मिनिटं ताटकळत उभं.

एकदा मी चिडून विचारलं, "आबा, खरं सांगून शिव्या कशाला खाता?"

"अरे सयाजी, पन्नास मिनिटं हायत म्हटल्यावर माणूस घास खातोय, मुतून येतोय, बाई असंल तर पोराला पाजतीय. तुझा माणूस काय करतोय? रस्त्याकडं बघतोय."

लई शहाणा, असं मी मनात म्हणालो. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, कारण कोल्हापुरातनं सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांची वेळ, अंतर, थांबे त्या माणसाला तोंडपाठ होते. चंदगडला किती वाजता पोचणार हे ते कागद न बघता सांगायचे आणि वाटेत म्हसरं आडवी येणार असली तर तेही धरायचे.

आम्ही दोघंही उचगावचे. माझं घर मराठ्यांच्या आळीत, त्यांचं बौद्धवाड्यात. छप्पन साली त्यांच्या वडलांनी धम्म स्वीकारला तेव्हा आबा बारा वर्षांचे होते. वडील मिलमध्ये हमाली करायचे. आबा मॅट्रिक झाले, कंडक्टर म्हणून लागले, पुढं नियंत्रक झाले. नेसरीच्या मुक्कामी गाडीवर असताना तिथल्याच मीनाबाईंचं स्थळ आलं. मीनाबाईंना लहानपणी सांधेज्वर झालेला, त्यानं हृदयाची एक झडप अधू झाली होती. डॉक्टरांनी एकाच लेकरावर थांबा म्हणून बजावलं. ते लेकरू म्हणजे संघप्रिया.

पोरगी हुशार निघाली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि २००२ साली तिला शिकागोकडच्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. आबा त्याच जूनमध्ये निवृत्त झाले होते. रिकामा नियंत्रक आणि हातात विमानाचं तिकीट, मग काय विचारता!

आमच्या उचगावाला लागूनच उजळाईवाडीचं विमानतळ. पण तिथं विमानापेक्षा माळावरच्या शेरडांची वर्दळ जास्त, त्यामुळं विमानाबद्दल आम्हाला शेरडांइतकीच माहिती. आबांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. हायस्कुलातनं पृथ्वीचा गोल मागून आणला. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळला, तो चाळीस हजार किलोमीटर धरला आणि मग त्याच दोऱ्यानं मुंबई ते शिकागो मोजलं. तेरा हजाराच्या आसपास आलं. दोरा ताणला की तो समुद्रावरनं सरळ पश्चिमेला जात नाही, वर रशियावरनं, उत्तर ध्रुवाच्या बाजूनं जातो, हे बघून त्यांना एवढं नवल वाटलं की मला घरातनं बोलावून दाखवलं. मी म्हटलं, "दोरा सरकला असंल." तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग घोडं अडलं ते वेळेवर. तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ रात्री एक वीस, शिकागोला पोचायची त्याच तारखेला दुपारी एक. म्हणजे बारा तासांच्या आत. तासाला नऊशे किलोमीटर धरलं तरी तेरा हजाराला साडेचौदा तास लागतात, वर मध्ये फ्रँकफुर्टचा थांबा. "ह्यात कायतरी लफडं हाय," म्हणत आबा भूगोलाच्या मास्तरांकडं चार दिवस बसले. पाचव्या दिवशी खुलले. शिकागोचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं. अकरा चाळीस अधिक साडेदहा, बावीस तास दहा मिनिटं. त्यातला थांबा चार दहाचा, उरलेले अठरा तास हवेत. त्यांनी एस.टी.च्या वेळापत्रकासारखा तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. उचगाव, मुंबई, फ्रँकफुर्ट, शिकागो. मीनाबाईंना वाचता यायचं नाही, तरी त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तक्ता हात लावून दाखवायच्या.

इतकं अवघड गणित सोडवलेला माणूस सोप्यात अडकला. तिकिटावरची तारीख होती चौदा ऑगस्ट.

आता एस.टी.त रात्री निघालेली गाडी कुठल्या दिवसाची? ज्या दिवशी ड्युटी लागली त्या दिवसाची. रातराणी बारा वाजून गेल्यावर सुटली तरी नियंत्रकाच्या लेखी ती आदल्या दिवसाचीच. आणि घरी तरी आपण काय वेगळं करतो? झोपून उठल्याशिवाय आपला दिवस बदलत नाही. चौदा तारखेची रात्र म्हणजे चौदा तारीख मावळल्यावर येते ती. म्हणून चौदाच्या सकाळी ट्रॅक्स गाडी भरून आम्ही दहा जण मुंबईला निघालो. लाडू, चटणी, दोन सूटकेसा, आणि पुढच्या सीटवर मांडीवर तक्ता घेऊन आबा. तिकीट मीही बघितलं होतं. दहाही माणसांनी बघितलं होतं. संघप्रियानंसुद्धा परत वाचलं नव्हतं, कारण टायमिंग आबा बघत होते.

विमानतळाच्या दारावरच्या शिपायानं तिकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "ये तो कल रात का है."

"कल नहीं, आज. चौदा तारीख," आबा म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उमगलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आबांनी मनगट वर केलं. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"अजून अडीच तासानं उतरंल," ते म्हणाले.

"कोण उतरंल?"

"इमान. शिकागोला."

माझं डोकं सणकलं. प्रवासानं अंग आंबलेलं, त्यात ही तऱ्हा. सगळ्यांच्या देखत मी ओरडलो, "पस्तीस वर्षं जगाच्या गाड्या सोडल्या आणि सोताच्या पोरीची चुकवली व्हय ओ आबा!" संघप्रियानं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि बापाचा हात धरला. ते बघणं मला अजून विसरता येत नाही. मी तसं बोलायला नको होतं.

तिला तिसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली. ते दोन दिवस मुंबईत एका पाहुण्यांच्या दोन खोल्यांत काढले. आबा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले आणि मीनाबाई मात्र पोरीला न्हाऊ घालतायत, डोक्याला तेल चोळतायत. त्यांच्या तोंडावरचा आनंद काही केल्या लपत नव्हता. शेवटी त्याच म्हणाल्या, "दोन दिस जास्तीचं मिळालं की मला. कुणाचं काय बिघडलं?"

पण ती गोष्ट स्टँडवर पोचलीच. आबा पेन्शनच्या कामाला आले की कुणीतरी विचारायचं, "आबा, रातची गाडी कंच्या दिसाची ओ?" त्यावरून एका मेकॅनिकची गचांडी मी धरली. स्वतः बोललो ते विसरून धरली, हे खरं. आबांनी स्टँडवर यायचंच कमी केलं.

आणि घरी बसून त्यांनी विमानं शिकायला घेतली. मंगळवार पेठेत एक इंटरनेट कॅफे निघालं होतं, तिथं आठवड्यातनं एकदा जायचे. कॅफेवाली बाई त्यांना पान काढून द्यायची. त्यावर दोन गावं टाकली की अंतर आणि उडायचा वेळ समोर यायचा. आबांना ते पान पसंत नव्हतं. "ह्यात थांबा धरलेला न्हाई. वारं धरलेलं न्हाई. जाताना आणि येताना येकच येळ लावलीया. असं कुठं असतंय?" असं त्या बाईला सुनवायचे आणि घरी येऊन वहीत स्वतःचं टायमिंग लिहायचे.

तोपर्यंत कोल्हापुरातनं परदेशी जाणारी पोरं वाढली होती. माणसं तिकीट घेऊन उचगावात यायला लागली. मंगळवार पेठेतली राजनंदिनी नावाची एक मुलगी लग्न होऊन सिडनीला निघाली, तिचे वडील उदयसिंह जीप घेऊन आले. आबांनी तिकिटाच्या मागं लाल पेनानं लिहून दिलं, 'तारीख नऊ म्हणजे आठ तारखेला सकाळी घर सोडणे.' प्रत्येकाला असंच लिहून द्यायचे आणि दोनदा वाचून घ्यायचे. संघप्रिया २००५ मध्ये सुट्टीला आली तेव्हा हे एक अख्खा दिवस आधी जाऊन मुंबईच्या विमानतळाबाहेर बसले. मी हसलो. ते म्हणाले, "हास. पण हितनं पुढं पोरगीला माझ्याकडनं चुकीची येळ जायाची न्हाई."

मग २००७ चा डिसेंबर आला. मीनाबाईंची झडप पार दमली. पाय सुजले, आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशा रचून बसवूनच ठेवावं लागे. दवाखान्यातनं बुधवारी घरी पाठवलं. डॉक्टर आबांना बाजूला घेऊन म्हणाले, शुक्रवार पार पडणं कठीण आहे. शुद्ध मात्र लख्ख होती. डोळे सारखे दाराकडं.

संघप्रिया निघाली होती. बुधवारी दुपारी साडेतीनला शिकागोहून, म्हणजे आपल्या गुरुवारी पहाटे तीनला. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेअकरा तास मागं, हे आबांनी मला बजावून सांगितलं. आपल्या घड्याळानं दुपारी पावणेबाराला फ्रँकफुर्ट, तिथनं संध्याकाळी पाचचं विमान, रात्री एकला मुंबई. मीनाबाईंचा भाचा कृष्णात गाडी घेऊन मुंबईला पुढं गेला होता. शुक्रवारी सकाळी साडेनऊला पोरगी दारात, असा हिशोब. आईला जिवंत बघायचं तर एवढीच वाट होती, आणि तीही कशीबशी.

गुरुवारभर मीनाबाईंचं एकच. "कुठवर आली?"

आबा वही बघत नव्हते, घड्याळ बघत होते. "समुद्र वलांडतीय. उतरायला पावणेतीन तास." मग तासाभरानं, "जमीन लागली आसंल आता. पावणेदोन." ऐकून त्या डोळे मिटायच्या, परत उघडून दाराकडं बघायच्या. दारात कोंबडं आलं तरी मान उचलायच्या. मी दिवसभर तिथंच होतो. बायका आत होत्या, मी ओसरीवर.

साडेचारला आबांचा मोबाइल वाजला. ते अंगणात गेले, मी मागं गेलो. संघप्रिया तिथल्या कार्डावरच्या फोनवरनं बोलत होती. तिचं रडणं मला हातभर अंतरावरून ऐकू येत होतं. आबांनी शेवटी एवढंच विचारलं, "निघायचं नक्की टायमिंग काय म्हंत्यात? ...न्हाई, अंदाज नगं. विचारून सांग."

फोन ठेवून ते चिंचेखाली उभं राहून हिशोब करायला लागले. फ्रँकफुर्टला बर्फ पडत होता, संध्याकाळचं विमान रद्द झालं होतं. आता आपल्या रात्री दोनला निघणार, सकाळी दहाला मुंबई. बाहेर पडायला एक तास, रस्ता साडेसात.

"उद्या सांच्याला साडेसा," आबा म्हणाले. "आत्तापास्नं सव्वीस तास."

मी त्यांचा दंडच धरला. "आबा, हे वैनींना सांगायचं न्हाई. सकाळी येतीय म्हणायचं. सकाळ झाली की दुपार म्हणायचं. त्यास्नी काय कळतंय? आशेवर चार श्वास जास्त निघतील." आबा परत बोटांवर तास मोजायला लागले. त्यांची वाट न बघता मीच आत गेलो. सवय जात नाही. खिडकीतला सयाजी बोलला, "वैनी, निघालं बघा इमान. सकाळी पोरगी दारात!"

मीनाबाईंचा चेहरा असा फुलला की मलाच माझं कौतुक वाटलं. त्यांनी मान वळवून दाराकडं लावली. त्याच दारातनं आबा आत आले आणि पायाशी येऊन उभे राहिले.

"न्हाई गं. सयाजीला ठावं न्हाई. तितं बरफ पडलाय. इमान राती दोनला सुटणार. उद्या सांच्याला साडेसाला येतीय ती."

मला वाटलं, धरावा ह्या माणसाला आणि अंगणात नेऊन हाणावा. काय मिळवलं खरं बोलून? मरत्या बाईला कसलं टायमिंग सांगतोस बाबा?

"म्हंजी किती तास?" मीनाबाईंनी विचारलं.

"सव्वीस."

त्या थोडा वेळ श्वास गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेवढं न्हाई मी काढत. थांबलो असतो, पर न्हाई व्हायचं." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखंच 'मी आलो, मी थांबलो' म्हणतात. त्या दिवशी ते ऐकायला मला लई जड गेलं.

आबांनी 'असं बोलू नको' म्हटलं नाही. "डाक्टर बी तसंच म्हंतोय," ते म्हणाले. मग खिडकीतनं सांगायचे त्याच आवाजात, "इमानात बसायला तिला आजून नऊ तास हायत. इमानात फोन लागत न्हाई. तवर लागतोय."

मीनाबाईंनी दारावरची नजर काढली. "मग लावा की. बसलाय काय."

लावता येत नव्हता, तिचाच यायचा होता. पाचला आला. आबांनी मोबाइल बायकोच्या कानाशी धरला, तिचा हात त्याच्यावर नीट बसवला, पाठीशी आणखी एक उशी सारली आणि खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. मग स्वतःही बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

"तुमी तरी थांबायचं हुतं," मी म्हणालो.

"मायलेकीचं बोलणं. आपन कशाला?"

ओसरीवर आम्ही दोघं बसलो. मी त्यांच्याकडं बघत नव्हतो, राग गेला नव्हता. आतनं मीनाबाईंचा आवाज तुटक यायचा. चार शब्द, मग धाप, मग परत चार शब्द. काय बोलतायत ते कळत नव्हतं. एकदा त्या हसल्या, ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. अर्ध्या तासानं कार्ड संपलं. साडेसातला दुसऱ्या कार्डावरनं परत फोन आला, नऊला तिसऱ्या. दर वेळी आबा फोन कानाशी लावून द्यायचे आणि बाहेर येऊन बसायचे. तिसऱ्यानंतर मीनाबाईंनी अर्धा कप दूध मागितलं. दोन दिवसांत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मग मी घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी गेलो तेव्हा त्या होत्या. आवाज गेला होता, नजर होती. दहा वाजून दहा मिनिटांनी कृष्णातचा फोन आला, विमान उतरलं म्हणून. आबांनी बायकोच्या कानाशी वाकून सांगितलं, "मुंबईला आली. साडेआठ तास." त्यांनी पापण्या हलवल्या. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी त्या गेल्या. वेळ मला नेमकी आठवते, कारण आबांनी ती मोठ्यानं म्हटली.

लगेच त्यांनी कृष्णातला फोन लावून पोरीला सांगितलं. मोटारीत, वाटेवर, अजून सात तासांचा रस्ता बाकी असताना. या वेळी मी त्यांना अडवलं नाही.

संध्याकाळपर्यंत अंगण भरलं. मीनाबाईंच्या अंगावर पांढरं वस्त्र घातलेलं, मेणबत्त्या लावलेल्या, वंदना घ्यायला उपासक येऊन बसलेले. नेसरीची माणसं, आमच्या आळीतली माणसं. पोरगी आली की लगेच न्यायचं ठरलं होतं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी आली आणि बायकांनी हंबरडा फोडला.

मयताला उशिरा पोचलेली माणसं मी आयुष्यात लई बघितलीत. मी स्वतः त्यातलाच. माझी आई गेली तेव्हा मला घरच्यांनी "बरी हाय, सावकाश ये" सांगितलं होतं, आणि मी सावकाश गेलो. उशिरा पोचलेला माणूस आधी एकच विचारतो. जाताना काय म्हणाली? माझं नाव काढलं का? मी महिनाभर ज्याला त्याला विचारत होतो. बहीण म्हणायची, काही नाही रे म्हणाली, दाराकडं बघत होती.

संघप्रियानं कुणालाच काही विचारलं नाही. ती आईशेजारी बसली, कपाळावर हात ठेवला आणि रडली. मोठ्यानं, मन भरून रडली. पण तिनं इकडंतिकडं बघून कुणाला प्रश्न केला नाही. मी उभा होतो, माझ्या लक्षात आलं, हिला विचारायचं काही राहिलेलंच नाही. तीन कार्डं संपेपर्यंत आई तिच्याशी बोलली होती. काल मी ठोकून दिलं तेच खरं मानलं असतं, तर त्या माउलीनं सगळं बोलणं सकाळसाठी राखून ठेवलं असतं आणि माझ्या आईसारखीच दाराकडं बघत गेली असती.

तेवढ्यात आबा लेकीजवळ येऊन टेकले. दिवसभर त्यांनी माणसांची सोय बघितली होती, डोळ्यांत पाणी नव्हतं. पस्तीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिच्या शेवटच्या घटकेपर्यंत जो तिथंच होता, त्या माणसानं तेरा हजार किलोमीटरवरून आलेल्या पोरीला हळूच विचारलं,

"माझ्याबद्दल कायतरी म्हणाली का गं?"

संघप्रियानं डोळे पुसले. "म्हणाली, सव्वीस तास हायत म्हटल्यावर दाराकडं बघायचं सोडलं मी. आता तुझ्या आबाकडं बघत बसतो. लई दिसात नीट बघितलंच न्हाई त्याला."

आबांनी मीनाबाईंच्या तोंडाकडं मान वळवली.

"व्हय," ते म्हणाले. "रातभर बघत हुती. मी दहादा इचारलं, पाणी पायजे का, उशी सारू का, काय पायजे. तर मान हलवून म्हंती, काय न्हाई."